तुटक्या रेघा

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला ओझरच्या विमानतळाच्या धावपट्टीवरच्या खुणा रंगवायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं आणि देखरेखीला मला पाठवलं. डिप्लोमा होऊन चारच महिने झाले होते, पण ताठा बाईसाहेबांचा! रंगवायला नाशिक रोडचे एक पेंटरकाका होते. दुकानाच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

विमानं ज्यावरून ये-जा करतात तो जोडरस्ता धावपट्टीला मिळतो, त्याच्या अलीकडे चार आडव्या पिवळ्या रेघा मारायच्या होत्या. जोडरस्त्याकडच्या दोन सलग, धावपट्टीकडच्या दोन तुटक. वैमानिकाला आधी सलग रेघ दिसली की त्याने थांबायचं, टॉवरने सोडल्याशिवाय हलायचं नाही. उतरून येणाऱ्याला आधी तुटक दिसते. त्याने न थांबता शेपटासकट पार व्हायचं.

मी जेवून आले तर चारही रेघा सलग! काकांनी फटी भरून टाकल्या होत्या.

"ताई, तुटकी रेघ बरी नाय दिसत. पाटीवर अशी सोडली तर गिऱ्हाईक म्हणतंय, पेंटर झोपला व्हता का?"

माझा पारा चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी आणि लगेच विमान उतरणार होतं. ठेकेदार फोनवर म्हणाला, "फटींवर काळा रंग फासा नि मोकळे व्हा." पण पाऊस पडून गेला आणि तिरपं ऊन आलं की काळ्याखालची रेघ चमकून दिसते, हे मला माहीत होतं.

"नाही. खरवडायचं," मी म्हणाले.

"उशीर झाला तर उद्यापासून येऊ नका."

"नाही येणार." मी फोन ठेवून दिला.

काका फुगून बसले होते. मी त्यांना धावपट्टीच्या कडेला नेऊन उभं केलं.

"तुम्ही विमान. आत्ता उतरलात. चला."

ते चालत आले आणि पहिल्याच रेघेशी थांबले.

"का थांबलात?"

"सलग हाय ना."

"मग तुमचं शेपूट अजून धावपट्टीवर आहे, आणि मागून दुसरं विमान उतरतंय."

काकांनी वळून मागे पाहिलं. छिन्नी घेतली आणि गुडघ्यांवर बसले. मीही बसले. अंधार पडेपर्यंत खरवडत होतो, माझ्या तळव्यांना फोड आले.

सकाळी तपासणीला आलेल्या साहेबांनी रेघा तपासून सही केली. मग विमान उतरलं, वळलं आणि जोडरस्त्याकडे यायला लागलं. लांब माझ्याशेजारी उभ्या काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. विमान तुटक्या रेघांवरून सरळ पुढे आलं, शेपटासकट.

"थांबलं नाय," काका म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले.