उन्हात ठेवलेलं औषध

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, नवऱ्याला तिथे काम लागलं आणि आम्ही साताऱ्याहून बोईसरला आलो. मी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलेलं होतं. पालघरच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला मागची खोली दिली. खोलीत एक सूक्ष्मदर्शक, जंतू वाढवायला उबवणीची पेटी आणि पूर्वेकडे मोठी खिडकी. सकाळी त्या खिडकीतून ऊन असं यायचं, की सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची.

एकदा सातपाटीची मासळी विकणारी एक मावशी आली. तिनं दोन्ही हात टेबलावर पसरले. बोटांच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडलेल्या, मध्ये लाल चिरा.

"मीठ लागला का जीव जातो, बाय," ती म्हणाली. "आनि आमचा सगला काम मिठातच हाय."

मी बेचकीतलं थोडं खरवडून थाळीत पसरलं. दोन दिवसांनी सायीसारखे गोल ठिपके उगवले. झाकण उचललं की ताडीसारखा आंबूस वास. यीस्ट होतं, बुरशीचाच एक प्रकार. डॉक्टरांकडे त्यावरचं नवं औषध आलं होतं. ते चालेल का, ते मी पाहायचं होतं. थाळीतल्या जेलीवर यीस्ट पसरायचं, जेलीला छोटं भोक पाडून त्यात औषधाचे थेंब सोडायचे. औषध चाललं, तर भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं.

वर्तुळ उरलं नाही. मी रिपोर्टवर लिहिलं, 'औषध लागू पडत नाही.'

मग डॉक्टरांनी मावशीच्या बोटांना जांभळं औषध लावायला दिलं. आठवड्यानं ती पुन्हा आली, तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत जांभळे होते आणि बेचक्या तशाच.

"बाजारात कोन मासली घेत नाय," ती म्हणाली. "म्हनतात, हिला कायतरी मोठा रोग हाय. आता घरीच बसते, बोंबील वालवते."

ती हसून बोलली, पण जाताना हात पदराखाली घेतले.

पुढच्या पंधरवड्यात नव्या औषधाची दुसरी बाटली आली. कपाटात मावशीचं यीस्ट एका नळीत जपून ठेवलेलं होतं. सहज म्हणून मी त्याच्यावर नव्या बाटलीतलं औषध घालून पाहिलं. सकाळी पेटी उघडली, तर भोकाभोवती चंद्राला पडावं तसं खळं.

थाळी घेऊन मी उजेडाकडे वळले. मग नजर खिडकीकडे गेली. पहिलं औषध मी पातळ करून पारदर्शक बाटलीत तिथेच ठेवत होते. त्याचा पिवळा रंग उन्हात इतका सुंदर दिसायचा, की काम करता करता मी त्याच्याकडे बघत बसायचे. उन्हानंच तर ते बिघडलं नसेल?

पुढचे काही दिवस मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. उन्हातल्या औषधाला वर्तुळ नाही, काळ्या कागदात गुंडाळलेल्याला मोठं. दाट यीस्ट आणि विरळ यीस्ट. जाड जेली आणि पातळ जेली. एकाच थाळीकडे पहिल्या दिवशी बघावं तर वर्तुळ मोठं, दुसऱ्या दिवशी कडेनं यीस्टचं धुकं आत सरकलेलं. यीस्ट तेच, औषध तेच, आणि उत्तरं निराळी. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

सगळ्या थाळ्या ओळीनं मांडून मी डॉक्टरांना बोलावलं. "मी खोटा रिपोर्ट दिला," मी म्हणाले.

ते एकेक थाळी उजेडाकडे धरून बघत राहिले. "खोटा नाही, बाई. त्या दिवशी, त्या थाळीत औषध चाललं नाही, एवढं खरंच होतं. त्या बाईच्या हातावर चालणार नाही, हे मात्र आपण दोघांनी ठरवलं. तुम्ही लिहून, आणि मी न विचारता."

दुसऱ्या दिवशी त्याच नव्या औषधाच्या मलमाची नळी घेऊन मी एसटीनं सातपाटीला गेले. काठ्यांवर बोंबील वाळत होते, वाऱ्यानं सगळे एकदम हलायचे. मावशीपासून मी काहीच लपवलं नाही. माझ्या चुकीमुळे हे औषध तुम्हाला मिळालं नाही, असं सरळ सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुज्या थालीत मीठ व्हता का? पानी व्हता का? माजा हात तर दिवसभर पान्यात." आणि मलम घेतलं.

हात पुसून कोरडे करायचे, बेचक्यांत कापूस ठेवायचा, मग मलम, हे मी तिला करून दाखवलं. लगेच गुण आला नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या, मासळीचं काम थांबलं, हात कोरडे राहिले, तेव्हा चिरा भरल्या. नारळी पौर्णिमेनंतर ती बाजारात बसू लागली. मधूनमधून बेचक्या पुन्हा उलायच्या, मग ती नळी मागून न्यायची.

त्यानंतर मी रिपोर्टखाली एक ओळ जास्त लिहू लागले. यीस्ट किती दाट घेतलं, पेटी किती गरम होती, थाळी कितव्या दिवशी वाचली. डॉक्टर ती ओळ रुग्णाला वाचून दाखवत नसत. स्वतः मात्र दोनदा वाचत.