रंगुबाईनं नांगर धरला

रंगुबाई मूळची माणदेशातल्या धनगराच्या घरची. दरवर्षी दसरा झाला की ही माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरत. अशाच एका वर्षी उंब्रजजवळच्या माळेवाडीत तिचा नवरा तापानं गेला. तीही तापानं फणफणली होती. वाडीतल्या धोंडुबाईंनी तिला आपल्या गोठ्यात जागा दिली, पेज पाजून उभी केली. पुढं रंगुबाई गावाकडं परत गेलीच नाही. ओढ्याच्या कडेला खोपट घालून, राहिलेल्या मेंढरांवर पोट भरत ती माळेवाडीचीच झाली.

जर्मनांशी लढाई पेटली तशी वाडीतली पोरं पलटणीत जाऊ लागली. धोंडुबाईंचा एकुलता एक नाथाजी बेळगावला भरती झाला आणि तिथून बोटीनं पार आफ्रिकेत पोचला. त्रेचाळीसच्या चैत्रात वाडीत नांगरटीला गडी मिळेना. शिपायांच्या सात-आठ घरांची रानं तशीच पडून होती. धोंडुबाईंनी बैल विकायला काढले.

"आत्याबाई, बैल ऱ्हाऊ द्या," रंगुबाई म्हणाली. "नांगर मी धरते."

"बाईनं नांगर धरल्याला कवा बघितलायस का गं?"

"न्हाई. पर पोरं तिकडं गोळ्या झेलत्यात आन हितं त्येंची रानं पडीक, ह्ये तरी कवा बघितलं हुतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं काष्टा घट्ट खोचला आणि बैल जुंपले. नांगराची दोन तासं मातीत पडली नाहीत तोवर बांधावर हंबीरराव येऊन उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढं. वाडीत त्यांचा शब्द चाले.

"रंगू, सोड बैलं. बाईचा हात नांगराला लागत नसतो."

"बरं आबा. मग तुमी धरा, मी बैलांम्होरं चालते."

म्हाताऱ्यानं खरंच धोतर वर खोचलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत एक तास कसंबसं ओढलं आणि बांधावर बसून दम खाऊ लागला. रंगुबाईनं त्यांना पाणी दिलं, पाय जरा दाबले आणि पुन्हा नांगर धरला. आबा उठून घराकडं गेले. दुसऱ्या सकाळी त्यांची स्वतःची बैलजोडी गड्याविना तिच्या खोपटापुढं आणून बांधलेली होती.

त्या साली शिपायांची सगळी रानं नांगरून झाली. पुढच्या साली लीलाबाई आणि मनुबाई या दोन शिपायांच्या बायकाही हात लावायला आल्या. मजुरी म्हणून रंगुबाईनं दुपारची भाकरी तेवढी घेतली. बैलांना ती मेंढरांसारखीच हाक घाली, जीभ टाळूला लावून "हुर्रर्र". बघता बघता वाडीतल्या तीन-चारही जोड्यांना त्याच हाकेची सवय झाली.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात नाथाजी घरी आला. उजवा हात कोपराखाली नव्हता. आईला मिठी मारताना तो रडला नाही. पण रानात जायचं टाळू लागला. अखेर एका सकाळी कुणाला न सांगता त्यानं बैल जुंपले. तो हाका मारी, शेपटी पिरगाळी, पलटणीतल्या हिंदीत दटावी. बैल जागचे हलेनात. बांधापलीकडून "हुर्रर्र" ऐकू आलं तसे दोघं झपाझप चालू लागले आणि नाथाजी मागं धडपडत धावला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

"आक्का, माझी बैलं मलाच वळखंनात की."

"वळखतील. तू आदी त्येंची बोली शीक."

मग त्याचं हसू मावळलं. "एका हातानं नांगराचं रुमणं आवरत न्हाई गं. मी आता कशाचा शेतकरी?"

 चार दिवस रंगुबाई चातीवर लोकर कातत बसली. त्या लोकरीचा रुंद, मऊ पट्टा वळून तिनं हातात धरायच्या रुमण्याला बांधला आणि त्याचा थोटा हात त्यात अडकवून पाहिला. पहिल्यांदा ढिला झाला, मग आवळून दिला. नाथाजी नांगर धरी, ती बैलांपुढं चाले. पाऊसकाळ यायच्या आत त्याला तिची गरज उरली नाही.

लढाई संपल्यावर उंब्रजला शिपायांचा सत्कार झाला. नाथाजीचं नाव पुकारलं. तो उठला, बायकांच्या घोळक्यात मागं बसलेल्या रंगुबाईला हाताला धरून त्यानं मांडवापुढं आणलं.

"ह्या कोण?" मामलेदारांनी विचारलं.

"साहेब, मी तिकडं बंदूक धरली तवा हिनं हितं आमच्या घरांचा नांगर धरला. आमची म्हातारी मान्सं उपाशी न्हाई ऱ्हायली, ती हिच्यामुळं. हार आदी हिला घाला."

मामलेदारांनी खुर्चीवरून उठून तिला हार घातला. रंगुबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. हंबीरराव पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. सगळ्यांत आधी टाळी त्यांनी वाजवली.

पुढं शिपायांच्या घरांनी मिळून ओढ्याकाठची एक पट्टी तिच्या नावावर करायचं ठरवलं. तिनं ती घेतली नाही.

"जमीन घिऊन मी एका जागी बसू व्हय? सुगी झाल्यावर तुमच्या रानात माझी मेंढरं चरू द्या, तेवढं लय झालं."

तेवढं तिला मिळालं. मेंढरं रात्रभर बसून लेंडीखत पडलेल्या रानात पीक जोमानं येई, म्हणून सुगी सरली की ती आधी कुणाच्या रानात बसवायची, यावरून त्या घरांत दरवर्षी लटकी भांडणं होत. धोंडुबाईंचं म्हणणं असे, की पहिला मान आपला. रंगुबाई सगळ्यांचं ऐकून घेई आणि मेंढरांना वाटेल तिकडं जाऊ देई.