दहा नंबरचे हातमोजे

नवं हत्यार हातात आलं की मावशी आधी डोळे मिटायची. खुरपं असो, कात्री असो, मूठ दोनदा दाबायची, मनगट इकडून तिकडे फिरवायची आणि निकाल द्यायची, "माप न्हाई." की ते हत्यार परत माझ्या भांडारात. मावशी आमच्या कार्यालयाच्या बागेतली माळीण, मी तिथला भांडारपाल. माझ्या सहीशिवाय तिथे झाडूही हलत नसे. पण मावशीच्या निकालावर अपील नव्हतं. नवे साहेब रुजू झाले आणि बागेतून ऐटीत आत गेले, तेव्हा त्यांच्या पाठीकडे बघूनही तिने डोळे मिटले. मी म्हटलं, मावशी, हळू. तर म्हणे, म्या कुठं काय म्हनलं? ओठ हललेले मी पाहिले होते.

आमचं कार्यालय हिंगोलीहून नरसीला जाणाऱ्या रस्त्यावर. फाटकाजवळ बोगनवेल, आणि तिचे काटे असे की एकदा आत शिरलेली बकरी महिनाभर बाहेर आली नाही; आली ती दोन करडं घेऊनच. तुम्हाला खोटं वाटेल, पण करडं मी स्वतः मोजली. असली ही वेल पंचवीस वर्षं मावशीच्या ताब्यात होती. मावशी पलीकडच्या तांड्यावरून चालत यायची. उंची माझ्या खांद्याएवढी, हात सातवीतल्या पोरीएवढे, आणि त्या हातांवर ओरखडे इतके की ज्योतिष्याला मधे जेवणाची सुट्टी घ्यावी लागली असती.

नव्या साहेबांनी फर्मान काढलं. बागेत काम करणाऱ्याने बूट, चष्मा, हेल्मेट, हातमोजे घालायचेच. नाही तर हजेरी नाही. फर्मानात चूक काही नव्हती. गवत कापायच्या मशीनमधून खडा उडून आमच्या एका गड्याच्या कपाळाला बोराएवढं टेंगूळ आलंच होतं. पण खोकी उघडली तर सगळा माल दहा नंबरचा. एका बुटात मावशीचे दोन्ही पाय मावले असते. हातमोज्यात तर एकराचं ज्वारीचं बी बसलं असतं. सगळं अंगावर चढवून ती पहिल्यांदा फाटकात उभी राहिली, तेव्हा जाणारी एस.टी. थांबली. कंडक्टरने विचारलं, चंद्रावर जायचं का?

बुटात साडीच्या चिंध्या कोंबल्या, चष्म्याला मागून गाठ मारली, ते निभलं. मोज्यांचं जमेना. बोटांची टोकं पुढे रिकामी लोंबायची आणि कात्री धरली की पात्यात जायची. पहिल्याच दिवशी गुलाब छाटताना मोज्याचं एक टोक कापलं गेलं. आतलं बोट गव्हाच्या दाण्याएवढं अलीकडे होतं. मी म्हटलं, काढून ठेव ते. तिने फक्त विचारलं, "अन् हजेरी?" तिचं घर त्या हजेरीवरच चालत होतं.

संध्याकाळी मोजे पदरात गुंडाळून ती तांड्यावर गेली. सकाळी आली ती नवेच मोजे घालून. बोटं कापून तिच्या मापाची केलेली, शिवण टोचू नये अशी घेतलेली, लाल-निळ्या दोऱ्याचे तांड्यावरचे टाके, आणि मनगटावर नखाएवढे आरसे.

"मावशी, आरसे कशाला?"

"काट्याला सवताचं थोबाड दिसलं की लाजून बाजूला व्हतोय."

साहेबांना काही लाज वाटली नाही. दुपारी नोटीस निघाली : शासकीय साहित्याची मोडतोड, तीन दिवसांत खुलासा, नाही तर कामावरून कमी. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून नोटीस मीच वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"मोडतोड म्हंजे मोडलं, असंच ना?"

"असंच."

"म्या तं जोडलं, बाबूसाब."

हा खुलासा कागदावर कसा लिहायचा, ते मला तीन दिवस सुचलं नाही.

चौथ्या दिवशी साहेब खुलासा ऐकायला स्वतः बागेत आले. सरकारी माल म्हणजे काय, हे समजावताना त्यांनी हात असा फिरवला की हातातला मोबाइल सुटून थेट बोगनवेलीत गेला. गेला तो गेला, आत वाजायला लागला. पानांच्या आड नाव चमकत होतं : मोठे साहेब. आमच्या साहेबांनी घाईने खोक्यातला कोरा दहा नंबरी मोजा चढवला आणि हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, पण बोटांना काही धरता येईना. मोबाइल निसटून आणखी आत. शेवटी सदऱ्याची बाही काट्यांना देऊन साहेब बाहेर आले.

मावशी गुडघ्यावर बसली. खांद्यापर्यंत हात आत घातला. काटे लाजून बाजूला झाले की नाही, यावर मी शपथ घेणार नाही. पण दोन बोटांच्या चिमटीत मोबाइल बाहेर आला. तो तिने पदराने पुसला, हिरवं बटण दाबलं आणि साहेबांच्या कानाला लावला.

"हो सर," साहेब म्हणाले, "बागेतच आहे. सुरक्षा साहित्याचीच तपासणी चालली आहे."

फोन झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून नोटीस घेतली, चार घड्या घालून खिशात टाकली आणि मलाच दरडावलं, की पुढची मागणी हातांची मापं घेऊन करा. मी अठ्ठावीस हातांची मापं घेतली. सगळ्यांत लहान मावशीचंच.

मागच्या वर्षी वयामुळे तिचं काम थांबलं. शेवटच्या दिवशी तिने सगळं साहित्य टेबलावर आणून मांडलं. मी नोंदवहीत हातमोज्यांपुढे गुपचूप लिहिलं, झिजून निकामी. म्हणजे ते तिला घरी नेता यावेत. आणि माझी हुशारी तिला कळावी म्हणून वाचूनही दाखवलं. तिथेच चुकलं.

"निकामी? काहून खोटं लिवून राहिले? एक टाका उसवला न्हाई."

"तुला नेता यावेत म्हणून, मावशी."

"मंग म्या मोडले असंच झालं ना कागदावर. खोडा ते."

मी खोडलं. सुस्थितीत, असं लिहिलं. ते तिने दोनदा वाचायला लावलं आणि मोजे माझ्याकडे सरकवले.

ती निघाली, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. फाटकापाशी बोगनवेलीची एक फांदी जाण्यायेण्याच्या वाटेवर आली होती. मावशीने सवयीने हात घातला, फांदी मोडली, आणि चटकन बोट तोंडात घातलं. मी मोजे उचलून खिडकीतून हलवले. तिने तोंडातलं बोट न काढताच मान हलवली, नको म्हणून. मग दुसऱ्या हाताने ती फांदी कुणाच्या पायात येणार नाही अशी कडेला नेऊन ठेवली, आणि तांड्याच्या वाटेला लागली.