भूकंपाआधीही मी अशीच होते

"भूकंपाच्या आधी ही कशी होती?" नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या अम्मीला विचारलं, आणि मी खुर्चीतून उठले.

आमच्या घरात भूकंपाच्या आधीचं कुणी काही विचारत नाही. औसा तालुक्यातलं आमचं गाव त्या पहाटे भुईसपाट झालं. अब्बा गेले, धाकटी बहीण गेली. मी नऊ वर्षांची होते. अम्मी, भाईजान आणि मी वाचलो. मामूंनी आम्हाला नांदेडला आणलं. तेव्हापासून मी दूध उतू घालवलं, चपला हरवल्या, कुणाचं बोलणं मधेच तोडलं, की घरात सगळ्याला एकच उत्तर असायचं. पोरीनं भूकंप बघितलाय, सोडून द्या.

मी खिडकीपाशी जाऊन खालची रिक्षांची रांग बघत राहिले. अम्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "आधीपासून अशीच होती."

आणि बोलतच राहिली. अब्बांचं गावात शिलाईचं दुकान होतं. एकदा त्यांनी मला एक शिवलेलं पोलकं पोचवायला पाठवलं, तर मी बऱ्याच वेळानं कुणाचं तरी शेळीचं करडू घेऊन परत आले. पोलकं कुठे ठेवलं ते मला आठवेना. गुरुजी अब्बांना सांगायचे, पोरगी हुशार हाय, पण बूड टेकवून बसंना. अब्बा मला बटणं निवडायला बसवायचे. मी लाल तेवढी निवडून पळायची. हे सांगताना अम्मी हसली, मग तिला रडू आलं.

मॅडमनी तिला पाणी दिलं आणि मला परत बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "शमीमताई, भूकंपानं तुमचं नुकसान केलंच आहे. दचकणं, ती स्वप्नं, त्यावर आपण वेगळं बोलू. पण ही अस्वस्थता त्याच्या आधीची आहे. हा एडीएचडी आहे."

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. साध्या भाषेत, मेंदूचा लगाम सैल असतो. लक्ष हवं तिथे टिकत नाही, नको तिथे चिकटून बसतं. सुरू करणं जमतं, चालू ठेवणं जमत नाही. हे जन्मापासून असतं. मुलींमध्ये पुष्कळदा ओळखू येत नाही. माझं तर चाळिशी उलटल्यावर ओळखलं गेलं, आणि तेही पोटाच्या हर्नियामुळे. तुमच्यापैकी कुणी वजनापुढे हात टेकले असतील तर ते कसं झालं हे सांगायला मी बसले आहे. बसले म्हणजे, एवढं लिहिताना दोनदा उठून आले.

मी लातूरला क्लासेसच्या भागात मुलींची मेस चालवते. माझे मिस्टर रफीक बाजार आणि हिशेब बघतात, स्वयंपाकघर माझं. डॉक्टर व्हायला आलेल्या मुली रेणापूर, देवणी, नायगाव, कुठून कुठून येतात. आमचा अख्खा भाग क्लासच्या घंटेवर जेवतो. मी मात्र कधीच जेवत नव्हते. भाजीची चव बघायची, पोळीचा तुकडा मोडायचा, उरलेला भात पातेल्यातूनच खायचा, सगळं उभ्याउभ्या. पोटात किती गेलं ते मलाही कळत नव्हतं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर बेंबीपाशी फुगवटा आला. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. सर्जननी सोनोग्राफी केली. अम्बिलिकल हर्निया, म्हणजे बेंबीपाशी पोटाची भिंत फाकते आणि आतलं आतडं तिथून डोकावतं. ऑपरेशन करून तिथे जाळी बसवतात. पण सर्जन म्हणाले, एवढ्या वजनावर जाळी टिकायची नाही. आधी दहा-बारा किलो उतरवा, मग या.

मी त्याच दिवशी बूट घेतले. जिममध्ये नाव घातलं. दुधीचा रस काढायचं यंत्र घेतलं, मोबाईलवर खाणं नोंदवायचं अॅप घेतलं. पहिला आठवडा मी कुणाला ऐकत नव्हते. मेसच्या मुलींनासुद्धा कॅलरी समजावून सांगितल्या. मग एका सकाळी उठले आणि ते सगळं जणू दुसऱ्याच बाईचं होतं. बूट दिसत होते, पण पायात घालायचं सुचत नव्हतं. पुढच्या महिन्यात नवीन काही, परत तेच. सर्जनकडे गेले तर वजन वाढलेलं. ते चिडले नाहीत. शांतपणे विचारलं, "ताई, तुम्हाला ऑपरेशन हवंय ना?"

मला हवं होतं. हेच कुणाला पटवून देता येत नव्हतं. रफीक म्हणायचे, "तू मनावर घेत न्हाईस, बाकी काय न्हाई." नणंद म्हणायची, रमजानचे सगळे रोजे धरतेस, मग डाएट का जमत नाही? तिचं म्हणणं मलाही बरोबर वाटायचं. म्हणजे मी आळशीच, किंवा ढोंगी.

त्याच दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून एक निलंग्याची मुलगी होती. तिच्यासमोर मी तिसऱ्यांदा बसले होते, आणि तिनं दिलेला आहाराचा कागद तिसऱ्यांदा हरवला होता. ती रागावेल म्हणून मीच बडबड करत राहिले. तिनं मला बोलू दिलं. मग शाळेत कशी होते, वस्तू हरवतात का, रांगेत उभं राहवतं का, असं विचारलं आणि शेवटी हळूच म्हणाली की एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

मी घरी येऊन रफीकशिवाय कुणाला बोलले नाही. लातूरमध्ये मनाच्या डॉक्टरांच्या पायऱ्या चढताना एखाद्या मुलीच्या आईनं बघितलं तर? वेड्या बाईच्या हातचं जेवण, असं व्हायला वेळ लागत नाही. मी ते टाळलं असतंच, पण एका दुपारी मुलींना वाढताना फुगवटा दगडासारखा घट्ट झाला. आत जाईना. कळ अशी की हातातलं वरणाचं भांडं खाली गेलं. उलट्या सुरू झाल्या. रफीकनी मला रिक्षात घालून नेलं.

सर्जननी आडवं झोपवलं, इंजेक्शन दिलं आणि हातानं दाबत दाबत आतडं आत ढकललं. मग रफीकना बाहेर बोलावून सांगितलं की पुढच्या वेळी अडकलं आणि आत गेलं नाही, तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. तेव्हा वजन बघत बसता येणार नाही, तातडीनं उघडावं लागेल, आणि या वजनावर ते धोक्याचं आहे. रफीक आत आले. पलंगाच्या कडेला बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पोरगी कुठल्या डॉक्टरकडं जा म्हनली व्हती?"

माहेर नांदेडला, म्हणून तिथलं नाव ठरलं. अम्मीला भेटायला चालले असं सगळ्यांना सांगून मी एसटीत बसले. सुरुवातीला लिहिलं ते त्या भेटीचं. परत येताना खिडकीबाहेर बघत मी त्या करडाचा विचार करत होते. भूकंपात घर, अब्बा, बहीण, फोटो, सगळं गेलं. पण चांगलं म्हणा, वाईट म्हणा, माझ्यातलं काहीतरी त्याच्या आधीचं होतं. अब्बांनी ते बघितलं होतं. मला एसटीत रडू येत होतं आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदम.

रक्तदाब आणि ईसीजी बघून मॅडमनी मिथिलफेनिडेट नावाची गोळी सुरू केली. ही मेंदूचा लगाम थोडा आवळते. ही वजनाची गोळी नव्हे, हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. पहिल्या दिवशी, मिक्सर बंद केल्यावर खोली कशी होते तसं डोक्यात झालं. मी बसून एक अख्खी गोणी तांदूळ निवडला. पण वजन जागचं हललं नाही. दिवसभर भूक लागायची नाही, आणि संध्याकाळी गोळी उतरली की मी पातेल्यांवर तुटून पडायची.

मी मॅडमना नणंदेचं बोलणं सांगितलं, रमजानचं. त्या उलट खूश झाल्या. "रमजानमध्ये काय वेगळं असतं?" मी आठवून सांगत गेले. अजान होते. सगळं घर एकदम उठतं, एकदम जेवतं. कधी थांबायचं ते ठरलेलं असतं. मला काहीच ठरवावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "मग जिद्द तुमच्यात आहेच. घड्याळ बाहेर लागतं, इतकंच. तुमच्या मेंदूला पुढच्या वर्षीचं ऑपरेशन दिसत नाही, समोरची पोळी दिसते. उत्साहाची वाट बघू नका, तो येऊन जाणारच. बाहेर काहीतरी उभं करा."

म्हणून मी मुलींच्या पंक्तीत बसायला लागले. घंटा झाली की त्यांच्यासोबत ताट घेऊन खाली बसायचं, आणि ताटाबाहेर काही नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिले काही दिवस मी दर घासाला उठत होते. मुली ओढून बसवायच्या, "आपा, बसा की हो." त्यांना वाटायचं, आपाला पोट दुखतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. भाजीची चव रफीक बघायला लागले. मीठ कमी-जास्त झालं, मुली कुरकुरल्या, मग सवय झाली.

चालायला शेजारच्या सुनीताताई. त्या शाळेत शिकवतात. त्यांना कोपऱ्यावर येऊन उभं राहायला सांगितलं. मी स्वतःसाठी कधी बूट घातले नसते, पण कुणीतरी उभं आहे म्हटल्यावर घालावेच लागायचे. रस्ता रोज बदलायचा. त्याच रस्त्यानं दोन दिवस गेलं की माझे पाय जड व्हायचे.

वजन उतरायला लागलं. मग सुनीताताई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या, आणि सगळं कोसळलं. चालणं बंद, पंक्तीत बसणं बंद, गोळ्यासुद्धा विसरायला लागले. उतरलेलं बरंचसं परत चढलं. नांदेडची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. शेवटी गेले तेव्हा दारातूनच माफी मागायला सुरुवात केली. मॅडमनी हात वर करून थांबवलं. त्या म्हणाल्या, "सुटणारच होतं, या आजारात ते धरूनच चालायचं. परत कशी धराल तेवढं बोलू." मी इतकी वर्षं सुटलं की संपलं असं समजत होते. ते परत धरता येतं, आणि त्यासाठी सोमवार किंवा एक तारीख लागत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच संध्याकाळी भाईजानच्या गल्लीत चालायला गेले. गुरुवार होता.

असं सुटत, धरत वर्ष गेलं. सर्जननी सांगितलेला आकडा गाठला नाही, थोडा राहिलाच. त्यांनी वजनकाटा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि तारीख दिली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. तुम्हीही सांगा, सगळ्या गोळ्या सांगा. जाळी बसली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी हळूहळू चाला म्हटलं, आणि मी वॉर्डात इतक्या फेऱ्या मारल्या की त्यांनी मला परत झोपवलं.

जाळी अजून टिकून आहे. वजन मधे थोडं चढलं, परत उतरवायचं चालू आहे. ते आता असंच चालेल, असं मी धरलं आहे. रफीकना अजूनही एडीएचडी नीट म्हणता येत नाही. पण मी मधेच उठले की ते गॅस बंद करतात. त्या निलंग्याच्या मुलीचे, मॅडमचे, सुनीताताईंचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही.

परवा एका मुलीला सोडायला तिची आई नायगावहून आली होती. जेवताना तिनं सहज विचारलं, भाभी, एवढ्या बारीक कशा झालात? मी हर्निया सांगून मोकळी झाले असते. पंक्तीत मुली बसल्या होत्या. मी म्हटलं, पोटाचे डॉक्टर होते आणि मनाचेही होते, मनाचे नांदेडला. सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट. एका मुलीनं वरण मागितलं. मी वाढलं. आता ही बाई मुलीला दुसऱ्या मेसमध्ये घालणार, असंच मला वाटलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बारीक करून तिनं त्या मॅडमची वेळ कशी मिळते ते विचारलं. मी विचारलं, मुलीसाठी का?

"न्हाई वो," ती म्हणाली. "माझ्यासाठीच."

मी म्हटलं, एकटी जाऊ नका, मी येते सोबत. मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले, मधे एकदाही न तोडता. फोन ठेवला तेव्हा मी चालत चालत घरापासून तीन गल्ल्या लांब आले होते.