बापूकाका आणि विहिरीची वाट

चि. नंदू आणि मीना,

"देशाचे कायदे मुळात येतात कुठून?" असे नंदूने गेल्या पत्रात विचारले आहे. तुमच्या तिथल्या कॉलेजात त्याचे उत्तर ग्रंथांतून देतील. मला ते रत्नागिरीला आमच्या वाडीत राहणाऱ्या बापूकाका वकिलांकडून मिळाले. त्यांना पाहिलेली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

बापूकाकांसमोर कुठलाही नियम सांगायची सोय नव्हती. "मुलींनी शिट्टी वाजवू नये," असे मी एकदा म्हणाले.

"कोणी सांगितलं गो?"

"आजीने."

"आणि तिला?"

"तिच्या सासूने."

असे मागे मागे जात मी "पूर्वीपासूनच आहे" इथवर आले, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. "हां! कायदा तिथे सुरू होतो. साहेबाने तो नंतर फक्त छापला."

मी दहा वर्षांची असताना ही थट्टा आमच्या दारात येऊन उभी राहिली. संक्रांतीनंतर आमच्या विहिरीचे पाणी खारट होई. मग पिण्याचे पाणी आई शेजारच्या दामूअण्णांच्या नारळीच्या आगरातून जाऊन गावविहिरीवरून आणी. त्या वर्षी दामूअण्णांनी चिऱ्यांचा गडगा रचून ती वाट बंद केली. दुसरी वाट डोंगरावरून होती. भरली कळशी घेऊन उतरताना आई दोनदा पडली.

वीस वर्षे उघडपणे आणि हक्काने वापरलेली वाट अडवता येत नाही, असा कायदा; आमची ही वाट तर आजीच्या वेळेपासूनची. बापूकाकांनी आमचा दावा लावला. पण एका गोष्टीने त्यांची झोप उडाली. आई दरवर्षी पहिल्या फणसाचा वाटा दामूअण्णांकडे पाठवी.

"वहिनी, परवानगीने वापरलेली वाट हक्काची होत नाही. फणस हा त्या परवानगीचा मोबदला, असं समोरचा वकील म्हणणार."

"मग दिला नाही म्हणू?"

"शपथेवर? छे! खरं तेच सांगा." एवढे बोलून ते आमच्या अंगणात येरझारा घालू लागले.

कोर्टात तसेच झाले. "फणस वाटेसाठीच देत होता ना?" समोरच्या वकिलाने विचारले. आई गोंधळून बापूकाकांकडे बघू लागली. न्यायासनावर मुन्सफ खाली मान घालून इंग्रजीत काहीतरी लिहीत होते. मी वडिलांचा हात घट्ट धरला. बापूकाका उठले.

"वहिनी, फणस आणखी कोणाकडे पाठवता?"

"वाडीत सगळ्यांकडे. तुमच्याकडे नाही का येत, भावोजी? गेल्या वर्षी बरका निघाला, गरे बुळबुळीत म्हणून तुम्हीच कुरकुरलात!"

कोर्ट हसले. बापूकाकांनी घाम पुसला. "आणि माझ्या आवारातून तुमची वाट जाते?"

"तुमच्याकडून कशाला जाईल? तुमचं घर दुसऱ्या टोकाला!"

निकाल आमच्या बाजूने लागला आणि गडगा फुटला. पण अपिलाची मुदत उरली होती. तेवढ्यात फणस पिकला आणि आईने माझ्या हाती टोपली देऊन मला दामूअण्णांकडे धाडले. बापूकाका धावत आले. "अहो वहिनी, मुदत संपू दे तरी! त्यांच्या हाती पुन्हा पुरावा कशाला देता?"

"मुदत कोर्टाची, भावोजी. फणस थांबतो होय?"

दुपारभर बापूकाका आमच्या ओटीवर रस्त्याकडे बघत बसले. संध्याकाळी दामूअण्णांची सून टोपली परत घेऊन आली. टोपलीत त्यांच्या आगरातले कोकमाचे लालबुंद रातांबे होते. अपील झाले नाही.

"निकाल लागला त्या रात्रीही मी जागाच होतो," बापूकाका पुढे सांगत. "टोपली भरून आली, तेव्हा झोपलो."

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी ते वारले. गावविहिरीवर आता पंप बसला आहे. वाट अजून आहे. दामूअण्णांचे नातू ती दर पावसाळ्यानंतर साफ करतात.