डोळ्यात नव्हे, पोटात

आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर दौलतरावांची तसबीर लावलेली आहे. तिला हार असतो, वर्षातून एकदा तो बदलतात. त्या भिंतीजवळून जाताना मी मान वर करत नाही. गावात मी हयातभर शाळामास्तर होतो, तेव्हा कोणापुढं मान वर करायची आणि कोणापुढं नाही, एवढं ठरवायचा हक्क मला आहे. मला सांगायचं आहे ते सुलतानबीबद्दल. तिची तसबीर कोणी काढली नाही.

सुलतानबी कारंज्याची लेक. लग्न होऊन आमच्या गावी आली ती रहीम खाटकाच्या घरी. रहीम शेलूबाजारातून बकऱ्या आणायचा, बाजाराच्या दिवशी कापायचा, आणि मुंडी, पाये, कलेजी घेऊन ही बाजूच्या पालात बसायची. रहीम तापानं गेला. पुढं मुलगा फय्याज कापू लागला, पण पालातली हिची जागा हलली नाही. जीभ अशी तिखट की उधारी मागायला आलेला माणूस दुरूनच वळायचा. वजनात कोणाला जास्तीचा तुकडा मिळाला असं मी ऐकलं नाही. मात्र एखाद्या आईनं पोराला पुढं करून, सांजेचं दिसत नाही याला, असं म्हटलं, की ती मूठभर कलेजी बाजूला काढून ठेवायची आणि पैसे घ्यायची नाही.

रातांधळेपणावरचा तो उपाय तिला सासूकडून मिळालेला. कलेजीचा तुकडा निखाऱ्यावर धरायचा, त्याला पाणी सुटलं की ते थेंब पोराच्या डोळ्यात सोडायचे. सगळ्या जातीची माणसं तिच्याकडं यायची आणि त्यात कोणाचा धर्म बुडत नव्हता, कारण थेंब डोळ्यात जात होता, तोंडात नाही. माळकऱ्याच्या घरचं लेकरूही खाटकाच्या अंगणात डोळे वर करून बसू शकत होतं. उरलेला तुकडा पोर मुसलमानाचं, किंवा खाणाऱ्यांपैकी असलं तर तेच खायचं. नसलं तर कुत्र्याला.

सन तीसनंतरची गोष्ट. दौलतराव नवेच डॉक्टर होऊन आमच्याकडं आले. माणूस वाचणारा होता, हे मी नाकारत नाही. टपालानं त्यांना कसली कसली मासिकं यायची, आणि गावात इंग्रजी समजणारा दुसरा कोणी नाही म्हणून त्यातलं ते मला सांगत बसायचे. एकदा ते स्वतः सुलतानबीच्या अंगणात गेले. तिला वाटलं, आता हा रागावणार. त्यांनी फक्त विचारलं, यातली कुठली पोरं बरी झाली आणि कुठली नाही? तिनं आठवून आठवून सांगितलं. बरी झालेली सगळी खाणाऱ्यांची निघाली. तिनं आजवर त्याला अल्लाची मर्जी म्हटलं होतं.

डॉक्टरांनी तिला समजावलं की डोळा बाहेरून सुकत नाही, आतून सुकतो. अन्नात एक द्रव्य असतं, ते पोटात गेलं नाही की आधी रात्रीची नजर जाते आणि मग बुबुळच नासतं. ते द्रव्य पाल्याभाजीत आहे, पण कलेजीत फार आहे. थेंब घालून काही होत नाही, तुकडा खाल्ला पाहिजे.

सुलतानबी दोन दिवस फणफणली. सासूची विद्या खोटी ठरवणारा हा कोण कालचा पोरगा, असं माझ्याजवळ बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं निखाऱ्यावर तवा चढवला आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगायला लागली, डोयात नोको घालू, खाऊ घाल. आयुष्यभराची समजूत तिनं इतक्या लवकर सोडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मोठ्या शिकलेल्यांना वेळ लागतो असं कोणी मला सांगितलं की माझं डोकं फिरतं.

आवडाबाई माळ्याची. नदीकाठी त्यांचा मळा होता, वांगी, मेथी, चाकवत, सगळं निघायचं आणि सगळंच्या सगळं बाजारात जायचं. घरात पाला शिजत नव्हता, पाला ढोरांनी खावा अशी घरची समजूत. तिची धाकटी लेक प्रयाग दिवेलागणीला भिंतीला धडकायला लागली. नंतर दिवसाही डोळे कोरडे, निस्तेज दिसू लागले. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, पाला सुरू कराच, पण थांबायला वेळ नाही, कलेजी द्या.

आवडाबाईचा सासरा माळकरी. घरात मांस येणं शक्य नव्हतं, आणि खाटकाच्या अंगणात बसून खाणं म्हणजे जातीबाहेर पडण्याची तयारी. आवडाबाई रडली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, सरकारी डॉक्टरनं औषध म्हणून दिलंय म्हणावं. त्या एका शब्दावर ती तयार झाली. सोवळं तिनं तिच्या परीनं सांभाळलं. तवा घरून आणायची, विस्तव स्वतः पेटवायची, भाजायची स्वतः. सुलतानबी लांब उभी राहून नुसतं सांगायची की अजून कच्चं आहे.

पोरगी सुधारली. एका सांजेला तिनं कुंपणावरची कोंबडी बोटानं दाखवली आणि आवडाबाई तिथंच मातीत बसली. डॉक्टरांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी वर कागद लिहिला, आणि सुलतानबीला म्हणाले, मोठे साहेब तपासणीला येतील तेव्हा मी तुम्हाला आणि आवडाबाईंना पुढं उभं करीन, पोरगी दाखवीन. सुलतानबीनं त्या दिवसासाठी पेटीतली ओढणी काढून धुतली.

साहेब आले. साहेब आपलेच होते, गोरे नव्हते. शाळामास्तर म्हणून मला हार घालायला बोलावलं होतं, त्यामुळं सगळं माझ्यासमोर झालं. साहेबांनी डॉक्टरांचा कागद पुढं ठेवला आणि शांतपणे समजावलं, जसं मी चुकलेल्या पोराला समजावतो. रोग म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरतं. देवी, पटकी, प्लेग, सगळीकडं हेच सिद्ध झालंय आणि त्यासाठी थोर माणसांनी आयुष्यं घालवलीत. काही शिरलं नाही, उलट काही कमी पडलं म्हणून डोळा नासतो, हे कोण मानेल? डोळ्यावर उपाय डोळ्यात घालायच्या औषधाचा. बरं, बाहेर चर्चा आहे की इथं खाटकीण औषध देते. हिंदूंच्या पोरांना मांस खाऊ घालते. तक्रार आली आहे. हे तुम्ही सांगितलंत?

बाहेर ओसरीत सुलतानबी उभी होती, धुतलेली ओढणी घेऊन. आवडाबाई होती, कडेवर प्रयाग होती. दार उघडं होतं. मी डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहत होतो. त्यांची बदली मोठ्या गावी व्हायची होती, आणि त्यावर सही याच साहेबांची होती.

"मी तसं काही सांगितलेलं नाही," दौलतराव म्हणाले. "या अडाणी बायकांचे हे आपसातले प्रकार आहेत. पोरगी माझ्या औषधाच्या थेंबांनी सुधारली."

मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, मास्तर, तुम्ही शाळेत शिकवा. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सुलतानबीचा चेहरा मी त्यानंतर कैक वर्षं पाहिला, पण त्या क्षणी होता तसा कधी नाही. तिला राग आला नव्हता. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, एवढंच ती शोधत होती.

साहेब दुपारीच गेले. जायच्या आधी, खाटकिणीनं असले उद्योग बंद करावेत अशी तंबी दिली गेली. पण खरा घाव बसला तो आवडाबाईवर. जातीत तिच्याजवळ एकच ढाल होती, डॉक्टरनं सांगितलं ही, आणि डॉक्टरनं ती भर दिवसा काढून घेतली. सासऱ्यानं पंच बसवले. आवडाबाईला डोकं टेकवून माफी मागावी लागली, पोरीला शुद्ध करून घ्यावं लागलं, आणि सुलतानबीच्या अंगणाची वाट बंद झाली.

सुलतानबी गेली मळ्यावर, पदराखाली कलेजी घेऊन. आवडाबाईनं बांधावरूनच परत लावली. "तुह्याच पायी माह्यी अब्रू गेली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनते थेंब घाला. मी थेंब घालून राह्यली."

मग सुलतानबी दवाखान्यात गेली. दौलतरावांनी तिला आत घेतलं, दार लोटलं, खुर्ची दिली. गोडच बोलले. मीही तिच्यासोबत होतो. ते म्हणाले की त्यांचा विश्वास ढळलेला नाही, पण वैद्यकात नवी गोष्ट मान्य व्हायला वेळ लागतो. म्हातारे लोक जे शिकले ते सोडत नाहीत, त्यांच्या हाताखाली आपल्याला राहावं लागतं. साहेब निवृत्त होतील, दुसरे येतील, थोडं थांबायचं.

"तुमी थांबसान," सुलतानबी म्हणाली. "पोरीचे डोये थांबतीन का? तुमी फकत आवडाबाईच्या घरी या. एक डाव तिच्या सासऱ्याले सांगा, म्याच म्हनलं होतं म्हून. बाकी कोनाले नोका सांगू."

ते पाहतो म्हणाले. गेले नाहीत. महिन्याभरात त्यांची बदली झाली, गावानं निरोपाचा नारळ दिला. पावसाळा संपता संपता गोवर आला. कलेजी बंद, घरात पाला शिजत नव्हताच; डोळे पुन्हा सुकले होते, त्यात तो ताप. प्रयागचा एक डोळा आधी पांढरा झाला, मग दुसरा.

साहेबांवर माझा राग नाही, असं म्हणवत नाही, पण त्यांचं मला कळतं तरी. ते चुकत होते आणि आपण बरोबर आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. जग त्यांच्यासारख्यांमुळं सावकाश चालतं, चालो बापडं. पण दौलतरावांना ठाऊक होतं. सगळ्या गावात त्यांना एकट्यालाच पुरतं ठाऊक होतं.

लढाईच्या दिवसांत दवाखान्यात माशाच्या तेलाच्या बाटल्या आल्या. तेच द्रव्य त्यात होतं, म्हणे, आणि आता ते डोळ्यात नाही, पोटात घ्यायचं होतं. सरकारनंच सांगितलं, त्यामुळं कोणाची जात गेली नाही. बाटल्या वाटायचा समारंभ झाला आणि पाहुणे म्हणून दौलतराव आले. आता तेच मोठे साहेब होते, केस पिकू लागले होते. भाषण छान झालं. याच गावात, जेव्हा कोणी मानत नव्हतं तेव्हा, मी कलेजीनं पोरांचे डोळे वाचवले, असं ते म्हणाले. वरिष्ठांनी विरोध केला, पण सत्य लपत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुलतानबी मागं बसली होती, शेजारी प्रयाग. आवडाबाई बांधावरच्या त्या दिवसानंतर सुलतानबीशी कधी बोलली नाही, पण प्रयाग मोठी झाल्यावर आपण होऊन बोलायची, आणि बाजारातून कुठं जायचं असलं की सुलतानबीचा हात धरायची. टाळ्या थांबल्यावर सुलतानबी उठली. म्हातारी झाली होती, चालताना वाकत होती. तिनं प्रयागला हाताला धरून मांडवातून पुढं नेलं, टेबलापाशी, आणि साहेबांसमोर उभं केलं.

दौलतरावांना ओळख पटली नाही की त्यांनी पटू दिली नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी हात पुढं केला, अंगठ्यानं प्रयागची पापणी उचलून पाहिली, दोन्ही डोळ्यांची, आणि हळहळून म्हणाले, "अरेरे. हिला लहानपणीच आणायला पाहिजे होतं."

बोलली ती प्रयाग, जिकडून आवाज आला तिकडं तोंड करून.

"आनलं होतं मले," ती म्हणाली. "हाच आवाज होता."