माफीची चांदणी

माझ्या मुलीच्या शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला माफी व्हायची. अगदी कवायत होते तशी. आठवडाभरात ज्यांची भांडणं झाली असतील त्या पोरांना हॉलमध्ये क्रुसाखाली समोरासमोर उभं करायचे. एकाने ‘सॉरी’ म्हणायचं, दुसऱ्याने त्याचा हात हातात घेऊन ‘आय फरगिव्ह यू’ म्हणायचं, मग टाळ्या, आणि दोघांसाठी फळ्यावर एकेक सोनेरी कागदाची चांदणी. मुलांच्या व्यक्तिमत्त्व विकासासाठी शाळेने एक मिस खास नेमल्या होत्या, त्यांचं हे डोकं. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून आम्ही नाशिकहून कोलकात्याला आलो आणि सॉल्ट लेकमध्ये भाड्याने राहू लागलो. मुलीला मिशनरी शाळेत घातलं, कारण सगळेच घालत होते. तिसरीत पोचेपर्यंत ती बंगाली फाडफाड बोलायला लागली आणि मराठी ठेचकाळत. आमच्याच ब्लॉकमधली एक बंगाली मुलगी तिची जिवलग मैत्रीण झाली. दोघी एकाच पूलकारने शाळेत जायच्या. पूलकार म्हणजे दहा-बारा पोरं कोंबलेली इथली व्हॅन. तिच्यात एकच धड खिडकी होती आणि ती जागा दोघी वाटून घ्यायच्या.

माझी मुलगी आठव्या वर्षीही कधीकधी अंथरूण ओलं करायची. हे घरात आम्हाला माहीत होतं आणि तिने विश्वासाने सांगितलं म्हणून त्या मैत्रिणीला. दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावर एका सकाळी मैत्रिणीने ते पूलकारमध्ये जाहीर करून टाकलं. का केलं ते तिलाही सांगता आलं नसतं. हशा पिकतो म्हणून केलं असेल. घरी येईपर्यंत माझ्या मुलीचं नाव ‘हिसू’ पडलं होतं. बंगालीत पोरांच्या शूला हिसू म्हणतात. ती दप्तरासकट पलंगाखाली जाऊन बसली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्या शुक्रवारी मैत्रिणीने क्रुसाखाली ‘सॉरी’ म्हटलं. रडलीही म्हणे छान. माझ्या मुलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ती तोंड मिटून उभी राहिली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. मैत्रिणीला चांदणी मिळाली, कारण तिने तिचं काम केलं होतं. माझ्या मुलीला मिसने सांगितलं की मन साफ झाल्याशिवाय नाताळच्या कार्यक्रमात कॅरल गाता येणार नाही.

आता हे कॅरल प्रकरण सांगायला हवं. त्यात दोन ओळी तिला एकटीला गायच्या होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी वर्गातून तिला निवडलं होतं. नाहीतर ही हजेरीलाही पुटपुटणारी मुलगी. पूजेच्या सुट्टीभर ती त्या ओळी न्हाणीघरात, गच्चीवर, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून गात होती. त्या ओळींनी तिचा आवाज मोठा केला होता. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो हाच असावा असा माझा अडाणी समज.

मी शाळेत गेले. मिस गोड हसल्या. काही माणसांचं हसू पाहूनच आपला रक्तदाब वाढतो.

“देखिए, शी इज नॉट रेडी,” त्या म्हणाल्या. “हम फोर्स नहीं करते. जब रेडी होगी, तब गाएगी.”

“गुन्हा तिने केलाय का?” मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.

“राग मनात ठेवला तर मुलांची ग्रोथ थांबते, मॅडम,” असं काहीतरी त्यांनी मला समजावलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! व्हॅनमधली बाकीची पोरं अजून ‘हिसू हिसू’ करत होती, त्यांची ग्रोथ जोरात चालली होती. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, कारण त्यांचं आपापसात भांडण नव्हतं.

मग मी वरच्या मजल्यावर प्रिन्सिपल सिस्टरकडे गेले. म्हाताऱ्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि त्या म्हणाल्या की माफीची सक्ती कुणावरच नाही, मूल स्वतंत्र आहे. सक्ती नाही, फक्त गाता येणार नाही. असं स्वातंत्र्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. चहा मी तसाच ठेवून आले. तेवढाच माझा सूड.

घरी येऊन मी मुलीला म्हटलं, “अगं, म्हणून टाक ते तीन शब्द. काय अंगाला भोकं पडणार आहेत?”

“पण मला अजून राग आहे. मग ते खोटं होईल ना?”

“एवढं खोटं चालतं.”

तिने जरा विचार केला. “तू त्या काकूंना तिळगूळ देते आणि घरी येऊन वाईट बोलते, तसं?”

त्या काकू म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई. सासूबाई इथल्या दमट हवेला कंटाळून नाशिकला परत गेल्या, तर मी त्यांना घराबाहेर काढलं अशी बातमी काकूंनी डमडमपासून न्यू टाउनपर्यंतच्या प्रत्येक मराठी घरात पोचवली. मी ती एकेका घरी जाऊन पुसत बसले. तरी दर संक्रांतीला मी त्यांच्या हातावर लाडू ठेवून ‘गोड गोड बोला’ म्हणत होते आणि परतीच्या ऑटोत त्यांचा उद्धार करत होते. हे सगळं मुलीच्या शेजारी बसून. मी तिला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

कार्यक्रमाला जाऊ नये असं माझं मत होतं. तिला जायचंच होतं. आम्ही मधल्या रांगेत बसलो. तिच्या दोन ओळींची जागा आली आणि पुढे सरकली ती मैत्रीण! चांदणीवाली. माझ्या मुलीच्या ओळी तिला दिल्या होत्या. पहिली ओळ तिने बरी म्हटली. दुसरीला अडकली. पेटी वाजत राहिली, पोरगी नुसती उभी. आता लपवून काय करू, मला आनंद झाला. बरी खोड मोडली असं मी मनात म्हणतेय तोवर माझ्या शेजारून खणखणीत आवाजात दुसरी ओळ आली. सुरात. अख्खा हॉल आमच्याकडे वळला. मैत्रिणीने ती ओळ उचलली आणि गाणं पुढे गेलं.

कार्यक्रम संपताच मिस धावत आल्या, हातात सोनेरी चांदणी घेऊन. “देखा? माफ कर दिया ना!” त्या तिच्या फ्रॉकला चांदणी टाचायला वाकल्या. माझी मुलगी एक पाऊल मागे सरकली.

“नो मिस. गाना खराब हो रहा था.”

मिसची चांदणी हातातच राहिली. मला त्या लेकराचे पाय धरावेसे वाटले.

परतीच्या ऑटोत मात्र ती माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. ओळ तिचीच होती, आणि ती तिला खुर्चीत बसून गावी लागली. त्याचं मला आजही वाईट वाटतं आणि मिसचा आजही राग येतो.

जानेवारीत शाळा उघडली. एका सकाळी मी पूलकारपाशी सोडायला गेले तर मुलीने खिडकीची जागा मैत्रिणीसाठी सोडली आणि स्वतः तिच्याशेजारी टेकली. संध्याकाळी मी खोदून विचारलं.

“माफ केलंस तिला?”

“हो. काल.”

“काल काय झालं?”

“काही नाही. काल राग संपला.” ती बिस्किट चहात बुडवत होती. “मिसला नको सांगू हं. ती टाळ्या वाजवते.”

मी सांगितलं नाही. त्या चांदणीशिवाय माझी मुलगी चौथीत गेली.

पण त्याआधी, त्याच जानेवारीत, मंडळाचं हळदीकुंकू होतं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि बायकांच्या त्या घोळक्यात पाठीवरून हात फिरवत फिरणाऱ्या आमच्या काकू. मुलगी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन माझ्यासोबत होती. काकू समोर आल्या आणि त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. “काय गं, सासूबाई बऱ्या आहेत ना तिकडे?” असं त्यांनी चारचौघींना ऐकू जाईल इतक्या मायेने विचारलं.

मी डब्यातून लाडू उचलला. तोंडावर हसू आणलं. ‘तिळगूळ घ्या’ एवढं म्हणून झालं आणि पुढचं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात मुलीने माझं मनगट धरलं. तिने काकूंकडे पाहिलं. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, उलट समजूत घालणंच होतं.

“काकू, आईचा राग अजून संपला नाही. संपला की ती देईल.”

काकूंचा हात तसाच पुढे होता, माझा लाडवासकट हवेत. चूक सुधारायला माझ्याकडे एक क्षण होता. पोरं काहीही बोलतात म्हणून हसायचं, लाडू हातावर ठेवायचा, संपलं.

मी लाडू परत डब्यात ठेवला. मुलीने झाकण लावलं.